परदेशातील कार्ड आणि अदृश्य बट्टा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात रुपया एक नव्हता. चांदवडी, अंकुशी अशा निरनिराळ्या छापांचे रुपये एकाच वेळी बाजारात फिरत, आणि एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात खर्चावयाचा तर सराफाच्या पेढीवर बट्टा मोजावा लागे. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या अमलाखालील प्रदेशासाठी एकसारखे नाणे सुरू केले, आणि यथावकाश बट्टा व्यवहारातून गेला. ‘नावाला बट्टा लागणे’ एवढ्यापुरता तो भाषेत उरला. परदेशी जाणाऱ्या आजच्या मराठी प्रवाशाला मात्र तो पुन्हा भेटतो. फरक इतकाच, की सराफाचा बट्टा निदान तोंडावर सांगितला जाई आणि न पटल्यास शेजारच्या पेढीची पायरी चढता येई. प्लॅस्टिकच्या कार्डावरील बट्टा विनिमय दराच्या पोटात दडलेला असतो आणि प्रवासी घरी परतून बॅगा रिकाम्या करतो तेव्हा बँकेच्या विवरणपत्रातून, तोही अर्धवटच, बाहेर येतो.

हा प्रश्न मूठभर धनिकांचा राहिलेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशात अवघे आठ डॉलर असत, ही आठवण सांगणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा ज्या मनोवृत्तीतून जन्मला, तिला प्रत्येक डॉलर ही राष्ट्रीय ठेव वाटत होती, आणि ती वाटावी अशी परिस्थितीही होती. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोने तारणासाठी देशाबाहेर पाठवावे लागले, ते त्याच परिस्थितीचे टोक. तेव्हा परकीय चलनाची खरी किंमत टक्क्यांत नव्हती, परवानगीत होती. जून २००० पासून नवा ‘फेमा’ कायदा अमलात आला. २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजनेखाली व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. मध्यंतरीचे चढउतार पार करून २०१५ मध्ये ही मर्यादा अडीच लाख डॉलरवर गेली. आता मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहणारे निवृत्त शिक्षक दांपत्य, जर्मनीतील विद्यापीठात शिकावयास गेलेला विद्यार्थी आणि वर्षानुवर्षे पैसे साठवून सहकुटुंब थायलंडला जाणारा लिपिक ही सर्व मंडळी परकीय चलनाची ग्राहक आहेत. २०२४-२५ या वर्षात या योजनेखाली सुमारे साडेएकोणतीस अब्ज डॉलर देशाबाहेर गेले आणि त्यांपैकी जवळजवळ १७ अब्ज प्रवासाच्या नावावर होते. परदेशात क्रेडिट कार्डावर केलेला खर्च या आकड्यात धरलेला नाही. या १७ अब्जांवरील एक टक्का म्हणजे १७ कोटी डॉलर. एखाददुसऱ्या टक्क्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार करून पाहावा.

कार्डाचा व्यवहार वस्तुतः साधा आहे. परदेशातील दुकानदार त्याच्या चलनात रक्कम मागतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखी जी यंत्रणा मध्ये असते, ती आपल्या त्या दिवसाच्या दराने त्या रकमेचे रुपयांत रूपांतर करते. हा दर घाऊक बाजारातील दराच्या बराच जवळ असतो आणि या कंपन्या तो आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्धही करतात. येथवर प्रवाशाची फारशी हानी होत नाही. पुढे त्याची स्वतःची बँक त्या रकमेवर ‘मार्कअप’ नावाचा आपला हिस्सा चढविते. भारतातील सर्वसाधारण कार्डांवर साडेतीन टक्के हा आकडा रूढ झाला आहे. या हिश्श्यावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि साडेतीनाचे चार पूर्णांक तेरा शतांश टक्के होतात. हिशेबाच्या सोयीसाठी एका डॉलरला ९० रुपये हा घाऊक दर धरला, तर हजार डॉलरची खरेदी ९०,००० रुपयांची. तीवर ३,१५० रुपये बँकेचे व ५६७ रुपये कराचे, म्हणजे एकूण ३,७१७ रुपये. एवढ्या पैशात बँकेने कोणती अधिक सेवा दिली, असा प्रश्न विचारला तर समाधानकारक उत्तर मिळणे कठीण आहे. चलन बदलण्याचे काम यंत्रणेने केले, आणि पैसे वेळेवर न भरल्यास व्याज घेण्याचा हक्क बँकेकडे आहेच.

यापेक्षा महागडा सापळा दुकानातील यंत्राच्या छोट्या पडद्यावर असतो. सिंगापुरात किंवा पॅरिसमध्ये कार्ड भारतीय आहे हे यंत्राला कळताच ते विचारते, की रक्कम स्थानिक चलनात द्यावयाची की रुपयांत? रुपया हा शब्द परक्या मुलखात दिसला की मनाला दिलासा वाटतो. किती पैसे गेले हे तेथल्या तेथे कळते, आणि पुढे दर बदलण्याची धास्ती राहत नाही. प्रवासी रुपयांवर बोट ठेवतो. त्या क्षणी चलनबदलाचे काम कार्डाच्या यंत्रणेकडून निघून दुकानदाराच्या बँकेकडे अथवा तिने नेमलेल्या मध्यस्थाकडे जाते आणि दर तो ठरवितो. त्या दरातील नफ्याचा वाटा पुष्कळदा दुकानदारालाही मिळतो, त्यामुळे प्रवाशाच्या वतीने परस्पर रुपयांची कळ दाबण्याची तत्परता काही विक्रेते दाखवितात. हा चढ चार टक्के असतो, आठ टक्के असतो, कधी त्याहूनही अधिक. तो सहा टक्के धरला, तर वरच्या हजार डॉलरचे ९५,४०० रुपये होतात. प्रवाशाला वाटते की निदान आता आपल्या बँकेचा मार्कअप तरी वाचला. तोही आनंद खरा नाही, कारण परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका एक टक्का वा अधिक शुल्क लावतात. ते व त्यावरील कर मिळविला की जादा भार साडेसहा हजारांच्या घरात जातो. स्थानिक चलनाची कळ दाबली असती तर तो पावणेचार हजारांच्या आत राहिला असता. घरबसल्या एखाद्या परदेशी संकेतस्थळावर रुपयांत पैसे भरणाऱ्यालाही हे शुल्क कधीकधी लागते. चार-सहा विद्यापीठांची अर्जशुल्के भरणाऱ्या विद्यार्थ्याने, आणि ती ज्याच्या कार्डावर भरली जातात त्या पालकाने, हे जाणून असावे.

रोख रकमेची कथा याहून निराळी आणि अधिक उद्बोधक आहे. कार्डाचा प्रसार कितीही झाला तरी टॅक्सी, बाजार, देवळातील पेटी आणि लहान खाणावळ येथे नोटा लागतातच. नोटा येथूनच न्यावयाच्या, तर एका प्रवासात सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख स्वरूपात नेता येते. विमानतळावरील खिडकीत ते घेणे हा सर्वांत महाग मार्ग, कारण तेथे ग्राहकाला दुसरीकडे जाण्यास सवड नसते. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला विकावे लागते, मात्र २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. या सर्व व्यापामुळे पुष्कळ प्रवासी परदेशातील एटीएमचा आश्रय घेतात. येथे तीन निरनिराळे हात एकाच खिशात शिरतात. पहिला हात यंत्र ज्याचे आहे त्याचा: थायलंडमधील बँका परदेशी कार्डावर दर खेपेस २२० बाहत किंवा त्याहून अधिक घेतात, मग काढलेली रक्कम हजार बाहत असो की वीस हजार. दुसरा हात आपल्या बँकेच्या ठरावीक शुल्काचा, जे दर खेपेस सव्वाशे-दीडशे रुपयांच्या आसपास असते. तिसरा हात मार्कअपचा.

पहिले दोन हात रकमेकडे पाहत नाहीत, खेपा मोजतात. यातून एक विचित्र अन्याय निर्माण होतो. समजा, एका प्रवाशाने डेबिट कार्डावर १०० डॉलर काढले, यंत्राचे शुल्क ४ डॉलर आणि बँकेचे १२५ रुपये आहे. ९,००० रुपयांच्या रकमेवर मार्कअप ३१५ रुपये, ठरावीक शुल्क १२५, या दोहोंवर कर ७९, आणि यंत्राचे ३६०. एकूण सुमारे ८८० रुपये, म्हणजे जवळजवळ पावणेदहा टक्के. त्याच प्रवाशाने एकदम ४०० डॉलर काढले असते, तर याच पद्धतीने भार सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे साडेपाच टक्के पडला असता. परक्या देशात जवळ फार पैसे बाळगावयास भिणारा, लागेल तसे थोडे थोडे काढणारा काटकसरी माणूस येथे अधिक दंड भरतो. जन्मभर पै-पै जपणाऱ्या निवृत्त शिक्षकाची सवयच त्याच्या विरुद्ध उभी राहते.

क्रेडिट कार्डावर रोकड काढणे हा तर प्रसंग ओढवल्याशिवाय अवलंबू नये असा मार्ग. तेथे रोकडशुल्क वेगळे, बहुधा अडीच टक्के. आणि खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोकडीला नसते, व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासून सुरू होते. महिना साडेतीन टक्के व्याज धरले, तर ४०० डॉलरच्या रोकडीवर रोकडशुल्क, मार्कअप, महिन्याचे व्याज, या तिन्हींवरील कर आणि यंत्राचे शुल्क मिळून सुमारे ४,४०० रुपये होतात. ३६,००० रुपयांवर हे १२ टक्क्यांहून अधिक झाले. शिवाय दुकानातला तोच प्रश्न एटीएमचा पडदाही विचारतो. येथे तो अधिक धूर्तपणे मांडलेला असतो, कारण ‘रूपांतर नाकारा’ ही कळ पाहून, आपण ती दाबली तर व्यवहारच रद्द होईल, अशी भीती वाटते. तसे काही होत नाही. रूपांतर नाकारले तरी पैसे येतात, आणि ते यंत्रणेच्या दराने येतात.

मग आधीच डॉलर भरून नेण्याचे ‘फॉरेक्स कार्ड’ बरे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेला जाणाऱ्यासाठी ते बहुधा खरेच बरे असते. दर भरणा करतानाच निश्चित होतो; मार्कअपऐवजी विक्रीच्या दरातच बँकेचा दीड-दोन टक्के नफा धरलेला असतो आणि चलनविक्रीवरील कर, लाखापर्यंतच्या रकमेस, एकूण रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे लाखामागे १८० रुपये इतकाच पडतो. तथापि डॉलर भरलेले हे कार्ड बँकॉकमध्ये घासले, की डॉलरचे बाहत करण्याचे वेगळे शुल्क लागते, तेही पुष्कळदा तीन टक्क्यांच्या वर. एकदा रुपयाचा डॉलर करताना आणि पुन्हा डॉलरचा बाहत करताना असा दुहेरी बट्टा द्यावा लागतो. उरलेली रक्कम परत घेताना बँक आपला खरेदीचा दर लावते, तो तिसरा. ज्या चलनात खर्च करावयाचा तेच चलन कार्डात नसेल, तर या कार्डाचा उपयोग जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

सरकारी धोरणानेही या गोंधळात भर टाकली आहे. उगमस्थानी गोळा करावयाच्या कराचा दर २०२३ च्या अर्थसंकल्पात बहुतेक परदेशी प्रेषणांवर २० टक्के करण्याचे जाहीर झाले. १६ मे २०२३ च्या अधिसूचनेने परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्चही या योजनेखाली आणला. गदारोळ होताच तीन दिवसांत सात लाखांपर्यंतच्या कार्डखर्चाला सूट देण्याचा खुलासा निघाला, आणि २८ जूनला क्रेडिट कार्डापुरता निर्णयच पुढे ढकलला गेला. ही सूट १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवर गेली. सामान्य प्रवाशाचा खर्च या मर्यादेच्या आत बसतो हे खरे, आणि हा कर विवरणपत्र भरून परत मिळतो हेही खरे. पण डेबिट कार्डाने व फॉरेक्स कार्डाने केलेला खर्च योजनेत मोजावयाचा आणि क्रेडिट कार्डाचा मोजावयाचा नाही, या भेदामागे कोणतेही आर्थिक तत्त्व दिसत नाही. मोठी पत असलेल्याचे साधन मोकळे आणि स्वतःच्या बचतीतून खर्च करणाऱ्याचे साधन नोंदीत, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

काही बँका मार्कअप शून्य असलेली कार्डे देतात, ही गोष्ट वरील सर्व तक्रारीला परस्पर उत्तर आहे असे बँकांचे समर्थक मानतात. स्पर्धा आहे, शोधणाऱ्याला स्वस्त माल मिळतो, मग ओरड कशासाठी? झाव्हिए गाबे आणि डेव्हिड लेब्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या युक्तिवादाची मर्मस्थानी तपासणी केली आहे. एखाद्या वस्तूच्या किमतीचा काही भाग झाकलेला असेल, तर स्पर्धेमुळे तो आपोआप उघडा पडतोच असे नाही, असे त्यांनी दाखविले. जी संस्था तो झाकलेला भाग लोकांना समजावून सांगेल, तिला त्याचा लाभ होत नाही. शहाणा झालेला ग्राहक जुन्याच दुकानात राहतो, तेथील उघडी स्वस्ताई घेतो आणि झाकलेले शुल्क टाळतो. अजाण ग्राहकाच्या पैशावर जाणता ग्राहक स्वस्तात राहतो, आणि शिक्षण देण्यात कोणाचेच हित उरत नाही. बक्षीसगुण, विमानतळावरील विश्रामकक्ष आणि शून्य मार्कअप यांचा खर्च कोण भरतो, हे या कसोटीवर पाहावे. त्यातला काही भाग तरी चार टक्के निमूटपणे भरणाऱ्या पहिलटकर प्रवाशाकडून येतो. पगाराचे खाते ज्या बँकेत, कार्डही त्याच बँकेचे, आणि त्यावरील शुल्काचा तक्ता कधी पाहिलेला नाही, अशी आपल्या शिक्षक-लिपिक वर्गाची सर्वसाधारण रीत आहे. बाजार या रीतीवरच उभा आहे.

युपीआयचा परदेशात होत असलेला विस्तार या स्थितीत काही पालट करील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिंगापूरच्या पे-नाऊशी तो जोडला गेला. २०२४ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या तिकिटांसाठी, तसेच श्रीलंका, मॉरिशस व नेपाळ येथे त्याची सोय झाली. मात्र पैसे पाठविण्याचा मार्ग बदलला म्हणून चलनबदलाचा दर आपोआप रास्त होत नाही. तो दर कोण ठरवितो आणि घाऊक दरापासून किती दूर ठेवतो, हा प्रश्न भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही तोच राहतो.

युरोपीय संघाने या बाबतीत उपदेशापेक्षा कायद्यावर भर दिला. कार्डाने व एटीएममधून केलेल्या सीमापार युरो व्यवहाराला देशांतर्गत व्यवहाराइतकेच शुल्क असावे, हा नियम तेथे जुलै २००२ पासून लागू झाला. २०१९ च्या नियमावलीने त्यापुढे पाऊल टाकले: दुकानातील किंवा एटीएममधील चलनबदलावर, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्के अधिक आकारले जात आहे, हे ग्राहकाने होकार देण्यापूर्वी दाखविणे एप्रिल २०२० पासून बंधनकारक झाले. दर कोणी किती लावावा याला तेथे मर्यादा घातलेली नाही. तो एकाच मापाने मोजून दाखवावा, एवढेच म्हटले आहे. ग्राहकाला तुलना करता यावी यासाठी ते माप एकच असणे आवश्यक असते.

भारतात असे काही अशक्य आहे असे मुळीच नाही. कर्जांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ते करूनही दाखविले आहे. सर्व शुल्के मिळून कर्जाचा वार्षिक दर प्रत्यक्षात किती पडतो, हे सांगणारे विवरण १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला द्यावे लागते. किरकोळ ग्राहकाला परकीय चलन पारदर्शक दराने मिळावे म्हणून ‘एफएक्स-रिटेल’ हा मंचही २०१९ मध्ये सुरू झाला. पण सहलीला निघालेला लिपिक त्या मंचाकडे वळेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्याच्याशी जेथे खरोखर गाठ पडते ती जागा दुसरी आहे. जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार, त्याच वर्षीच्या १६ मार्चपासून दिली जाणारी नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू स्थितीत येतात. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः बँकेच्या संकेतस्थळावर, भ्रमणध्वनीवर किंवा अन्य मार्गाने सुरू करावयाचा असतो. म्हणजे परदेशी निघण्यापूर्वी असा ग्राहक एकदा तरी बँकेपुढे उभा राहतो आणि परवानगीची कळ दाबतो. त्याच ठिकाणी, त्याच पडद्यावर, ‘या कार्डाने परदेशात केलेल्या दर हजार रुपयांच्या खरेदीमागे ४१ रुपये ३० पैसे अधिक पडतील, रोख काढल्यास दर खेपेस अमुक’ अशी एक ओळ छापण्यास बँकांना कोणता अडथळा आहे? विनिमय दर रोज बदलतो ही सबब येथे चालणारी नाही, कारण बदलतो तो डॉलरचा भाव. साडेतीन टक्के वर्षानुवर्षे तेच राहतात. महिन्याच्या विवरणपत्रातही परकीय रक्कम, यंत्रणेचा दर, बँकेची वाढ आणि कर हे चार आकडे वेगवेगळ्या ओळींत देता येतील. आज पुष्कळदा त्यांचा एकच गोळाबेरीज आकडा रुपयांत येतो, आणि तो तपासावयाचा तर त्या दिवसाचा दर शोधत बसावे लागते.